सगळ्यांच्या मागे एनिड

एनिड ट्रॉटमन सायकल कशी चालवते, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: हळू. चढ आला की ती उतरते, सायकल ढकलत ढकलत वर येते, आणि आपण कधीपासून तिथेच उभ्या होतो अशा थाटात मला विचारते, "काय गं बेरिल, दमलीस का?" मी दमलेली असतेच. माझी आणि माझ्या नवऱ्याची मिळून एकच सायकल आहे, दोन सीटची. पुढे क्लाइव्ह, मागे मी. आमच्या या डोंगराळ मुलखातली खेडी बघायला लोक कुठून कुठून येतात, दारावरच्या गुलाबांचे फोटो काढतात. मी लग्न झाल्यापासून दर रविवारी त्याच खेड्यांतून फिरतेय, आणि मी सगळ्यांत जास्त काय बघितलं असेल तर क्लाइव्हची पाठ.

आमचा कॉम्बली सायकल क्लब रविवारी सकाळी चर्चच्या फाटकापासून निघतो. कुठे जायचं हे केकवर ठरतं. ज्या गावात चांगला केक मिळत नाही त्या गावाचं चर्च कितीही जुनं असलं तरी आम्ही तिकडे फिरकत नाही. बाकी आम्ही गरीब माणसं आहोत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका नियमाच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत. सगळ्यांत पुढे म्होरक्या असतो. जिथे रस्ता वळतो, तिथे म्होरक्या आपल्या मागच्या माणसाला उभं करतो. त्याने त्या कोपऱ्यावर उभं राहायचं आणि मागून येणाऱ्यांना हात करून वळण दाखवायचं. सगळ्यांत शेवटी जो असतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाने कोपऱ्यावर येऊन "शेवटचा मीच" असं म्हटलं की तिथला माणूस सुटला. तोवर हलायचं नाही. पाऊस येवो, गाय अंगावर येवो, जागा सोडायची नाही. त्यामुळे आमच्यात कधी कुणी हरवत नाही.

एनिड आमचं शेपूट. ती क्लबात आली तेव्हापासून शेपूट. तिचा नवरा पर्सी हा तेव्हाचा म्होरक्या. तो सगळ्यांच्या पुढे, ती सगळ्यांच्या मागे, मध्ये अख्खा क्लब. रविवारी नवराबायको फक्त चहाच्या टेबलावर भेटायचे, आणि मग दिवसभर साठवलेलं दोघंही एकदम बोलायचे. क्लाइव्ह म्हणायचा, त्यांच्या सुखी संसाराचं गुपित त्या अंतरात आहे. मला मात्र त्याने इतकी वर्षं दोन हातांवर ठेवलंय.

मागे राहणं एनिडच्या हाडीमासी खिळलेलं आहे. तिची नोकरीही तसलीच होती. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, काठीवरची गोल पाटी आडवी धरून गाड्या थांबवायच्या आणि पोरांना पलीकडे सोडायचं. एखादं पोर नेहमी मागे राहायचंच, एका पायात बूट आणि दुसरा हरवलेला. ते येईपर्यंत एनिड पाटी खाली करायची नाही. गाड्यांची रांग चक्कीपर्यंत जायची, पण तिच्यावर हॉर्न वाजवायची कुणाची छाती नव्हती. आमच्या आत्ताच्या पाद्रीबुवांनाही तिने असंच पलीकडे सोडलेलं आहे. ते अजूनही तिला बघून रस्त्याच्या कडेला थबकतात.

तिच्या हिरव्या सायकलला पुढे वेताची टोपली आहे. त्यात हवा भरायचा पंप, चिकटपट्ट्या, कुणाचे तरी गळून पडलेले हातमोजे आणि आल्याची बिस्किटं असतात. क्लबातला जो कुणी थकतो, रुसतो किंवा ज्याचं काही बिनसलेलं असतं तो आपोआप मागे पडतो आणि तिच्या हाती लागतो. एका वर्षी माझं आणि क्लाइव्हचं ऐन चढावर कडाक्याचं भांडण झालं. दोन सीटच्या सायकलवर भांडण झालं की जायला जागा नसते, म्हणून मी सरळ उतरून चालायला लागले. एनिड मागून आली, तीही उतरली आणि माझ्या बाजूने चालू लागली. थोड्या वेळाने टोपलीतलं बिस्किट पुढे केलं. ते खाऊन होईपर्यंत क्लाइव्ह मला पुन्हा बरा वाटायला लागला.

पर्सी गेला त्याच्या पुढच्या रविवारीही ती चर्चच्या फाटकाशी हजर होती. म्होरकेपण क्लाइव्हकडे आलं, पण मागची जागा तिचीच राहिली. मग गेल्या फेब्रुवारीत ती बर्फावरून घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टरवर तिने सगळ्यांच्या सह्या घेतल्या, थट्टा केली, आणि आमच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला. निदान मला तसं वाटलं.

वसंतातल्या वार्षिक बैठकीत सेड्रिक ब्लेविट उठून उभा राहिला. सेड्रिक रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालाय. क्लबाचे नियम त्याला तोंडपाठ आहेत, कारण निम्मे त्यानेच घातलेत. चहा कुठलाही असो, तो त्याला नावं ठेवणार: इथे पांचट, तिथे कडू, तिसरीकडे कप जाड. त्याने घसा साफ करून ठराव मांडला, की यापुढे शेपटाचं काम एखाद्या तरुण सभासदाकडे द्यावं, कारण क्लबाला घरी पोचायला फार उशीर होतो. तरुण म्हणजे ट्रिस्टन. तो पन्नाशीचा आहे, पण आमच्यात तेवढं वय म्हणजे पोरवय. आमच्याकडे लोक समोरासमोर हरकत घेत नाहीत, घरी जाऊन घेतात. ठराव पास झाला.

एनिड म्हणाली, "बरं तर," आणि कप विसळायला गेली. मी मागोमाग गेले. ती नळाशी पाठमोरी उभी होती आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"अगं, त्या सेड्रिकचं काय मनावर घेतेस," मी म्हटलं.

"त्याच्यावर राग नाही गं माझा. हळू तर मी आहेच," ती म्हणाली. "पण मी पुढे जाऊन करू काय? पुढे नुसता रस्ता असतो. पर्सी गेल्यावर मला रविवारी घराबाहेर काढलं ते या कामाने. आपण नाही गेलो तर कोपऱ्यांवर माणसं अडकून पडतील, असं म्हणून मी उठायचे. आता मी नाही गेले तर काय अडणार आहे?" मीही एक धुतलेला कप घेतला आणि धुवायला लागले.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या फेरीला नवी व्यवस्था सुरू झाली. बेत ओव्हर फॉसलीला जाण्याचा होता. तिथे गावच्या हॉलमध्ये मिसेस पॉबजॉय चहा देतात, आणि त्यांच्या लिंबाच्या केकसाठी आम्ही 'पाद्र्याचा चढ' चढायला तयार होतो. हे नाव कुणा पाद्र्यावरून पडलं म्हणतात. मला वाटतं, अर्ध्यावर देव आठवतो म्हणून पडलं असावं.

ट्रिस्टनने शेपटाचं पिवळं जाकीट चढवलं आणि तो मागे गेला. हँडलवर त्याने रस्ता दाखवणारं यंत्र लावलं होतं. एनिड आमच्या मागोमाग, म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या पुढे. तिला तिथे बघणं म्हणजे देवळाबाहेर एकटी चप्पल बघण्यासारखं होतं. ती दर मिनिटाला मान वळवायची. पहिल्या गावात ती बदकांच्या तळ्यात जाता जाता वाचली. दुसऱ्या गावात अंडी विकायला ठेवलेल्या पेटीवर जवळजवळ आदळलीच.

"एनिड, पुढे बघ," क्लाइव्ह ओरडला.

"पुढे आहे काय बघायला? तुझा शर्ट मघाशीच बघितला मी," ती म्हणाली. "मिली मागे का पडलीय? तिचा गुडघा दुखतोय वाटतं."

"ते ट्रिस्टन बघेल," मी म्हटलं. पुढच्या वळणाला तिने मान पुन्हा वळवली, या वेळी चोरून.

निदर फॉसलीला, चढाच्या पायथ्याशी, रस्ता फुटतो. डावीकडचा नदीकाठाने जातो, उजवीकडचा पाद्र्याचा चढ. त्या कोपऱ्यावर सेड्रिक दर वर्षी आपणहून उभा राहतो. नियमाचं प्रेम आहेच, पण चढाआधी भरपूर विश्रांतीही मिळते. त्याने सायकल कुंपणाला टेकवली, केबिनमधला सिग्नलचा दांडा ओढल्यासारखा हात ताणून उजवीकडे केला आणि आम्ही चढाला लागलो. अर्ध्यावर मी देवाला हाक मारली. एनिड उतरून चालायला लागली, पण या वेळी तिच्याबरोबर चालायला कुणी नव्हतं. मागचे सगळे एकेक करून तिच्या बाजूने पुढे गेले, "येतेस ना?" असं विचारत.

वर हॉलमध्ये किटल्या वाफाळत होत्या. बाहेर रिमझिम सुरू झाली आणि आम्ही आतमध्ये ओल्या मोज्यांच्या वासात केकवर तुटून पडलो. बऱ्याच वेळाने ट्रिस्टन आला. त्याच्याबरोबर मिली आणि आणखी दोघं होती. सगळे भिजलेले, पण हसतमुख.

"मिलीचं चाक पंक्चर झालं," तो म्हणाला. "मग यंत्राने एक झकास रस्ता दाखवला. जुन्या चक्कीवरून, चढ लागतच नाही. तिचा गुडघा वाचला."

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मिलीने त्याला आपल्या केकचा तुकडा दिला. इतकी शहाणी गोष्ट आमच्यात आजवर कुणाला सुचली नव्हती. एनिड एकटीच कप हातात धरून दाराकडे बघत होती.

"सेड्रिक कुठे आहे?" तिने विचारलं.

"आला असेल की पुढे," ट्रिस्टन म्हणाला.

"संडासात असेल," क्लाइव्ह म्हणाला.

एनिडने कप खाली ठेवला. "आज चहाला कुणी नावं ठेवलेली ऐकली का?"

मिसेस पॉबजॉयनी किटली हातातच धरून विचार केला आणि म्हणाल्या, "नाही बाई. मी म्हटलं, यंदा मला जमलेला दिसतोय."

तेवढ्यात दार उघडून दोन अनोळखी माणसं आत आली. उंच, भिजलेलं, डच जोडपं, सायकलींवर सामान लादलेलं. बाईने फार नम्रपणे विचारलं, की आम्ही हे कुठे आलो?

"ओव्हर फॉसली," क्लाइव्ह म्हणाला. "तुम्हाला कुठे जायचं होतं?"

"नदीकडे. पण खाली कोपऱ्यावर एक वयस्कर गृहस्थ उभे आहेत, हात असा करून. आम्ही नदी म्हटलं, तरी ते हात खाली करेनात. इतके ठाम होते की नाही म्हणायला जीभ रेटेना."

"अजून उभे आहेत?" एनिडने विचारलं.

"हो. आमच्या आधी एका पाव पोचवणाऱ्या गाडीलाही त्यांनी इकडेच पाठवलं म्हणे."

ट्रिस्टनचा चेहरा पांढराफटक पडला. यंत्राच्या रस्त्याने तो कोपराच चुकला होता, आणि शेपूट आलं नाही म्हणून सेड्रिक तिथे उभाच होता. फोन करावा तर त्या दरीत फोन लागत नाही, आणि लागला असता तरी सेड्रिककडे तो नाही. "मी जातो," ट्रिस्टन म्हणाला, पण त्याने बूट काढून शेगडीजवळ वाळत घातले होते. तो एक पाय बुटात घालेपर्यंत एनिड दाराबाहेर पोचलीसुद्धा.

"बेरिल, चल," ती म्हणाली. "तुमची सायकल घेऊ. त्याचे पाय आखडले असले तर मागे बसवून आणता येईल."

"आणि मी?" क्लाइव्हने विचारलं.

"तू केक खा," मी म्हटलं. त्याने फारसा विरोध केला नाही.

मी सवयीने मागच्या सीटकडे गेले, तर एनिड आधीच तिथे बसली होती. "मागे मी," ती म्हणाली, "तेवढं तरी राहू दे." म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे बसले आणि पाद्र्याचा चढ उलट्या बाजूने उतरायला लागले. ओला रस्ता, दोन बायकांचं वजन, आणि ब्रेक माझ्या हातात. आजवर क्लाइव्हने उतारावर ब्रेक दाबले की मी मागून भित्रा म्हणायचे. ते सगळे शब्द मी त्या उतारावर मनातल्या मनात परत घेतले. पुढे त्याला मात्र त्यातलं काही सांगितलं नाही.

सेड्रिक होता तिथेच होता. डोक्यावर पिवळी पावसाळी टोपी, अंगावर पिवळा रेनकोट, नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब, हात उजवीकडे. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईने त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तो बसला नव्हता. मग तिने दिशादर्शक खांबाला छत्री बांधून दिली होती, तिचा अर्धा भाग तरी त्याच्यावर येत होता. खुर्चीवर चहाचा रिकामा कप होता. ती बाई फाटकात उभी राहून आमच्याकडे असं बघत होती, की कुणीतरी याच्या घरचं आलं एकदाचं.

एनिड उतरली, त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "शेवटची मीच. चल, सेड्रिक."

तो हलला नाही. "चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"आज शेपूट तू नाहीस. ट्रिस्टन आहे. तसा ठराव झालाय."

"ट्रिस्टन वर बूट वाळवत बसलाय."

"मग वाळले की त्याला पाठव."

माझा तोल सुटला. "सेड्रिक ब्लेविट, तू डोक्यावर पडलायस का? अख्ख्या गावाला पाद्र्याच्या चढावर पाठवून झालं, आता स्वतःही ये."

"बेरिल, मी उभी हयात केबिनमध्ये काढली," तो म्हणाला. "ज्याची पाळी आहे त्याने येऊन मोकळं केल्याशिवाय मी जागा सोडत गेलो असतो, तर या मुलखात आज निम्मी माणसं नसती. नियम सोयीप्रमाणे पाळायचा नसतो."

मी त्याला ओढूनच न्यायच्या बेतात होते, पण एनिड चिडली नव्हती. तिने सायकल कुंपणाला टेकवली, खुर्चीवरचा कप उचलून फाटकातल्या बाईला दिला आणि शांतपणे खुर्चीवर बसली.

"ठराव कुणी मांडला होता?"

"मी."

"मग मागे घे."

"असा रस्त्यात मागे घेता येत नाही. बैठक लागते."

"बैठकीला किमान किती माणसं लागतात?"

त्या प्रश्नाचा रोख सेड्रिकच्या लक्षात आला. नाकावरचा थेंब पडला. "तीन," तो शेवटी म्हणाला.

"तू, बेरिल आणि मी."

"आधी सूचना द्यावी लागते."

"हजर असलेल्या कुणाची हरकत नसेल तर लागत नाही. हे कलम तूच घातलंयस, नाताळच्या जेवणाच्या वेळी. तुझी हरकत आहे?"

सेड्रिकने बराच वेळ नियम मनात चाळले. "अध्यक्ष हवा," तो पडेल आवाजात म्हणाला. अध्यक्ष मला केलं. मी म्हटलं, बैठक सुरू झाली, आणि लवकर संपली तर बरं, कारण माझे मोजे भिजलेत.

पण ठराव मागे घ्यायच्या ऐवजी सेड्रिक म्हणाला, "अध्यक्षांच्या परवानगीने मला आधी दोन शब्द बोलायचेत." हात अजून उजवीकडेच होता, आणि तो आमच्याकडे न बघता त्या हाताकडे बघून बोलत होता. "उशीर होतो, असं मी बैठकीत म्हणालो. ते काही खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. फेब्रुवारीत तू पडलीस तेव्हा शेवटचा कोपरा माझा होता. तू आलीस, 'शेवटची मीच' म्हणालीस, आणि मी सुटलो. हॉल जवळ होता, थंडी मरणाची. मी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही सगळे चहा घेत बसलो. एनिड, तू आलीस की आम्हाला कळतं, सगळे आले. तू आली नाहीस तर कुणाला कळायचं? तुला दूधवाल्याने उचललं. तू रस्त्यात पडली होतीस, आणि मी आत बसून चहा पांचट आहे म्हणून कुरकुरत होतो."

एनिड खुर्चीतून त्याच्याकडे वळली.

"सगळ्यांच्या मागे तू असतेस. तुझ्या मागे कुणी नसतं," तो म्हणाला. "तुला पुढे ठेवलं तर नजरेसमोर राहशील, एवढाच माझा विचार होता."

"हे तू बैठकीत का नाही बोललास?"

"तिथे लोक होते," सेड्रिक म्हणाला.

फाटकातल्या बाईने डोळ्यांना पदर लावला असता, पण तिच्याकडे पदर नव्हता, म्हणून तिने भांडी पुसायचं फडकं लावलं. मला त्या क्षणी सेड्रिकला मिठी मारावीशी वाटली, आणि त्याच्या पाठीत धपाटाही घालावासा वाटला. नवरे मनातलं बोलत नाहीत म्हणून बायका जे कायम सोसतात, ते आम्ही त्याच्यापायी बैठकीपासून उगाच सोसलं होतं.

"मला वाटलं, मी नकोशी झाले," एनिड म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "रोज रात्री तेच वाटायचं. एवढं बोलायला तुला इथे तास न् तास भिजावं लागलं होय रे?"

"अध्यक्ष," सेड्रिक घाईघाईने म्हणाला, "मी माझा ठराव मागे घेतो. शेपूट एनिड. आणि एक दुरुस्ती सुचवतो. कोपऱ्यावरून सुटलेल्या माणसाने यापुढे एकट्याने पुढे पळायचं नाही. पुढचा कोपरा येईपर्यंत शेपटाबरोबरच जायचं."

"आणि मी हळू चालले तर?"

"तर त्यानेही हळू चालायचं."

मी मतं घेतली. तिन्ही बाजूने पडली. फाटकातल्या बाईनेही हात वर केला होता, पण ती सभासद नसल्याने मला तो मोजता आला नाही. मग एनिड खुर्चीवरून उठली, भिजलेले केस कानामागे सारले आणि सेड्रिकसमोर ताठ उभी राहिली.

"शेवटची मीच," ती म्हणाली.

"धन्यवाद," सेड्रिक म्हणाला आणि हात खाली करायला गेला. हात येईना. खांद्यात असा धरला होता की एनिडने आणि मी मिळून तो हळूहळू खाली वाकवला. तो अगाई अगाई करत होता आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो होतो.

पाद्र्याचा चढ आम्ही तिघांनी चालतच चढला. दोन सीटची सायकल मी ढकलत होते, सेड्रिक आपली, आणि एनिड मोकळ्या हातांनी आमच्या मागून चालत होती. दर काही पावलांनी सेड्रिक थांबायचा आणि ती पुढे यायची वाट बघायचा. ती थांबायची, तो पुढे जायची वाट बघत. असं करत आम्ही वर पोचायला केवढा वेळ लावला ते विचारू नका.

हॉलमध्ये सगळे उभे राहिले. ट्रिस्टन अनवाणीच पुढे आला आणि इतक्यांदा माफी मागायला लागला की सेड्रिकला स्वतःचीच लाज वाटायला लागली. "चुकलास कुठे, मिलीचा गुडघा वाचवलास," तो म्हणाला. मिसेस पॉबजॉयनी त्याच्यासमोर कप ठेवला. अख्खा हॉल श्वास रोखून बघत होता. सेड्रिकने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"पानं पाण्याला नुसती लांबून दाखवलेली दिसतायत," तो म्हणाला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मिसेस पॉबजॉय म्हणाल्या, "आला बाई एकदाचा," आणि त्याच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा वाढला. मी तिथेच बैठकीचा निर्णय जाहीर केला. ट्रिस्टनने पिवळं जाकीट काढून एनिडच्या हातात दिलं आणि क्लाइव्हला विचारलं, परत जाताना मी पुढे राहू का? माझ्या नवऱ्याने तोंडात केक असल्यामुळे फक्त मान हलवली.

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला. ट्रिस्टन पुढे होता, यंत्र खिशात घातलेलं. कॉम्बलीच्या अलीकडच्या चौकात त्याने क्लाइव्हला आणि मला उभं केलं. आमच्या घराचा दिवा तिथून दिसत होता आणि मला आंघोळीचे वेध लागले होते. एकेक करून सगळे आमच्यासमोरून वळून गेले. मग रस्ता मोकळा झाला. कुंपणापलीकडे मेंढ्या, वर उन्हाचा शेवटचा तुकडा, आणि लांबून कुणीतरी वाद घालत असल्याचा आवाज.

एनिड आणि सेड्रिक येत होते. हिरव्या सायकलच्या अगदी मागे त्याची सायकल, वीतभर अंतराने. ती वेग कमी करायची, तोही करायचा. ती मधूनच मान वळवून बघायची, आणि दर वेळी तो तिथेच असायचा. आमच्यासमोर येऊन दोघं थांबले.

"शेवटची मीच," एनिड म्हणाली.

"हरकत," मागून सेड्रिक म्हणाला. "मी तुझ्या मागे आहे. शेवटचा मी."

"शेपूट मी आहे. ठराव झालाय."

"ठरावात शेपूट म्हणजे जो शेवटी आहे तो. डोळ्यांनी बघ. तुझ्या मागे कोण आहे?"

एनिडने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला मागे बघून हसताना कधी पाहिलं नव्हतं. मागे कुणी असायचंच नाही.

"बेरिल, निघायचं का?" क्लाइव्हने हळूच विचारलं. "भूक लागलीय मला."

"निघता कसं येईल?" मी म्हटलं. "शेपूट कोण ते अजून ठरलेलं नाही." आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर उभे राहिलो, त्यांचं ठरेपर्यंत.